पेटी तापेपर्यंत

हळदीच्या घरी वाजवायला पोचल्यावर आमच्या ग्रुपातली माणसं आधी पाणी मागायची, मग चहा, मग बाथरूम कुठे ते विचारायची. जगूदादा यातलं काहीच विचारायचे नाहीत. मांडवात पाय टाकल्याबरोबर ते नवरदेवाच्या बापाला गाठायचे आणि म्हणायचे, "लाइट कसा हाय तुमचा?"

त्या बापाच्या डोक्याला त्या दिवशी शंभर कटकटी. आचारी आला नाही, मामा रुसून बसलाय, खुर्च्या कमी पडल्यात. त्यात हा उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस विजेची चौकशी करतोय. बाप म्हणायचा, हाय की, जळतोय ना. दादा मान हलवायचे, खिशातला टेस्टर काढून स्वतः बोर्ड बघायचे आणि मग त्यांची निळी पेटी टेम्पोतून उतरवायला जायचे. ती दुसऱ्या कुणी उचललेली खपायची नाही. मी एकदा नुसती बाजूला सरकवायला गेले, तर म्हणाले, शोभा, तू गा, तुझा गळा मी उचलतो काय? मीही तोंडाची फटकळ. म्हटलं, माझा गळा एवढा जड असता तर मी गायलेच नसते, पोती वाहिली असती. दादा हसले नाहीत. एरवी माझ्या टोमण्यांना तेच सगळ्यात आधी दाद द्यायचे, पण पेटीच्या बाबतीत थट्टा बंद.

पेटी म्हणजे गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. हाताने बनवलेला. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असायचे ना, बल्बासारखे, तसे तिच्यात होते. ते तापल्याशिवाय आवाज नाही. बटण टाकलं की आधी बारीक घुमल्यासारखं व्हायचं, मग मागच्या जाळीतून केशरी उजेड दिसायला लागायचा. दादा तिच्या डोक्यावर उजवा तळवा ठेवून उभे राहायचे, डोळे मिटून. बायका ताटं घेऊन खोळंबल्यात, पोरं नाचायला टपलीत, यजमान घड्याळ दाखवतोय, काही फरक पडायचा नाही. तळव्याला ऊब लागली की हात उचलायचे आणि गिटार घ्यायचे. तोवर आमच्या ढोलकीवाल्यानेसुद्धा थाप मारायची नाही, असा ग्रुपचा रिवाज पडून गेला होता.

तो तळवा ठेवायची रीत मुळात त्यांची नव्हती. ती त्यांच्या धाकट्या भावाची, विनूची.

दोघे भाऊ बोईसरजवळच्या कुंभवलीचे. घराच्या मागल्या दारातून कारखान्यांच्या चिमण्या दिसायच्या आणि दोघांची पोटं त्यांच्यावरच. दादा कापड रंगवणाऱ्या एका कारखान्यात बॉयलरवर, विनू एका केमिकल कंपनीत इलेक्ट्रिशियन. विनू पहिल्या पाळीवरून आला की जेवून झोपायचा आणि संध्याकाळी ओटीवर सोल्डरिंगची काडी घेऊन बसायचा. पेटीचं लाकूड मोडक्या कपाटाचं. आतला पत्रा भंगारात निघालेल्या पॅनेलचा. स्पीकर पालघरच्या बंद पडलेल्या थेटरातला. व्हॉल्व्ह एका म्हाताऱ्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने दुकान मोडताना याच्या ओंजळीत ठेवलेले. आणि वरचं निळं रेक्झिन बोईसर स्टेशनबाहेर रिक्षाच्या सीटा शिवणाऱ्याकडचं. दादा गिटार घेऊन समोर बसायचे, चार सूर वाजवायचे. विनू ऐकायचा, "नाय" म्हणायचा आणि पेटी पुन्हा उघडायचा. असं कित्येक महिने चाललं. मंदावहिनी, म्हणजे दादांच्या बायको, सांगायच्या की त्या दिवसांत घरात भाजी करपली तरी कुणाला वास यायचा नाही.

पेटी झाली. मग हळदीला विनूही यायचा. वाजवायला नाही, पेटी लावायला. बटण टाकायचा, तळवा ठेवायचा आणि ऊब लागली की दादांकडे बघून एवढंच म्हणायचा, "मार." मग दादा पहिली तार छेडायचे.

पुढल्याच वर्षी विनूच्या कंपनीत रिअ‍ॅक्टर फुटला. तो ड्यूटीवर होता. कुंभवलीतल्या खिडक्यांच्या काचा तडकल्या, आणि दादा चप्पल न घालता धावत सुटले, हे मला वहिनींनी सांगितलं. दादांनी त्या दिवसाबद्दल माझ्याजवळ कधी अवाक्षर काढलं नाही. पुढच्या लग्नसराईत ते पुन्हा आले ते पेटी एकट्याने उचलून. बटण टाकलं, तळवा ठेवला, आणि "मार" म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून ते जरा जास्तच वेळ उभे राहिले. तेव्हापासून ते नेहमीच जास्त वेळ उभे राहायचे.

दादांचा एक सिद्धान्त होता. पेटी काही घरी गोड वाजायची, काही घरी कोरडी. अगदी आम्हालाही कळायचं. गोड वाजली की गिटारचा सूर मऊ होऊन लांबत जायचा, माणूस दाटल्या गळ्याने बोलतो तसा. दादा म्हणायचे, माणसं चांगली असली की पेटी गोड वाजते. परतताना टेम्पोत निकाल द्यायचे, घर चांगलं हाय, नायतर, घरात काय खरं नाय. पालघरला एका बिल्डरच्या बंगल्यावर स्वतःचा जनरेटर, झुंबरं, सगळा थाट. तिथे पेटी अशी कडक वाजली की दादांनी गाडीत बसता बसता मान हलवली. दोन दिवसांनी कळलं, लग्नात मानपानावरून दोन्हीकडची माणसं हातघाईवर आली. मग काय, आमचा सगळ्यांचा विश्वास बसला. मी तर एका मैत्रिणीच्या मुलीचं स्थळ दादांना विचारून नक्की केलं. तिथे हळद वाजवली होती ना त्यांनी.

आणि एकदा डोंगराकडच्या एका पाड्यावर गेलो होतो. घरात एकच बल्ब, तोही लालसर, वातीएवढा. लग्न लावणारी म्हातारी, तिला तिकडे धवलेरी म्हणतात, लग्नाची गाणी गात होती. आमच्या पोरांना घाई, की ही बाई कधी थांबते आणि आपण कधी सुरू करतो. दादांनी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं, पेटी तापू दिली आणि तिच्या गाण्यामागे हळूच तोच सूर धरला. म्हातारी थांबली नाही, वळूनही बघितलं नाही, पण तिचा आवाज जरा उजळला. मी इतकी वर्षं गातेय, असा गिटारचा सूर मला पुन्हा ऐकायला मिळाला नाही. गाणं संपल्यावर ती उठून आली, पेटीवर हात ठेवला आणि काळजीने म्हणाली, "याला ताप आलाय." दादा हे पुढे आयुष्यभर सांगत राहिले. विनूला डॉक्टरीण भेटली, म्हणायचे. पेटीला विनू म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

केळव्याला एका हळदीत मुंबईचा एक गिटारवाला पाहुणा म्हणून आला होता. पेटीभोवती फिरून फिरून बघत होता. म्हणाला, काका, हा तर बुटीक अ‍ॅम्प आहे, अशा हाताने बनवलेल्या एकेका पेटीसाठी बाहेरच्या देशात लोक वर्षवर्ष थांबतात. मी म्हटलं, बुटीक तर बोईसरला माझं आहे, ब्लाउज शिवायला लोक माझ्याकडेही थांबतात. तो बिचारा हसला. मग त्याने स्वतःचं यंत्र दाखवलं, पायाशी ठेवायचा एक छोटा डिजिटल डबा. जगातल्या सगळ्या नावाजलेल्या पेट्यांचे आवाज म्हणे त्यात भरलेले. बटण दाबा, आवाज बदला. दादांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि एकच विचारलं, तापतो काय? तो म्हणाला, नाही, तोच तर फायदा. दादांनी डबा त्याच्या हातात परत दिला. तेव्हापासून असल्या यंत्राला ते टिफिन म्हणायला लागले.

पुढे आमच्या सतीशनेच टिफिन घेतला. सतीश म्हणजे ग्रुपचा मालक, कीबोर्ड वाजवतो. माणूस सरळ आहे, पण नव्या वस्तूचा सोस. त्याचं आणि दादांचं यावरून वाजायचं. सतीश म्हणायचा, दादा, टेम्पोत अर्धी जागा पेटीच खाते. दादा म्हणायचे, मग मला उतरव, तिला बसू दे.

तोवर चेष्टेत चाललं होतं. मग दादांची छाती गेली. बॉयलरपाशी काढलेली सगळी वर्षं फुप्फुसात जाऊन बसली होती. डॉक्टरांनी बजावलं, वजन उचलायचं नाही. यांनी ऐकलं नाही. एका हळदीला पेटी टेम्पोत चढवताना मध्येच थांबले, खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले. तोंड उघडं, श्वास आत जाईना. आम्ही पळत गेलो. श्वास आल्यावर ते पहिलं काय म्हणाले असतील? पेटीला धक्का नाय ना लागला?

त्यानंतर ते यायचे बंद झाले. पेटी दुसऱ्याने उचललेली चालणार नाही, टिफिनवर वाजवणार नाही. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, नाकात नळी आली. एके दिवशी मंदावहिनी ब्लाउजचं कापड घेऊन माझ्या दुकानात आल्या. माप घेताना लक्षात आलं, कापड नुसतं निमित्त होतं. त्या म्हणाल्या, हे संध्याकाळी पेटी चालू करतात आणि तिच्याकडे बघत बसतात, गिटार हातातसुद्धा घेत नाहीत. वर पेटीही म्हातारी झालीय, व्हॉल्व्हची शेवटची जोडी आहे आत, ती गेली की दुसरी मिळत नाही. मग माझा हात धरून म्हणाल्या, "शोभा, ह्यांना कसंपण करून घेऊन जा. घरात बसवले तर हे राहायचे नाय." मी टेप तशीच गळ्यात अडकवून सतीशला फोन लावला.

सतीशने सुचवलं ते असं. टिफिनमधून पेटीत चित्रविचित्र आवाज सोडायचे, पेटीपुढे माइक ठेवायचा. त्या आवाजांचं पेटी काय करते ते टिफिन ऐकून शिकून घेतो, आणि मग पेटी नसली तरी गिटार तशीच वाजते. आम्ही दोघं कुंभवलीला गेलो. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्या भावाचा फोटो काढतो काय रे?"

सतीश बोलून गेला, "फोटोच तर उरतो, दादा."

त्याची जीभ हासडावी असं मला वाटलं. वहिनी आत निघून गेल्या. दादांनी नाकातली नळी सारखी केली आणि म्हणाले, "घे."

पेटी बोईसरला सतीशच्या नव्या फ्लॅटवर नेली. दादांनी पहिल्यांदाच ती दुसऱ्यांना उचलू दिली, आणि जिन्यावर प्रत्येक पायरीला मागून सूचना. सगळं रीतसर झालं. दादांनी टिफिनमधून वाजवलं, ऐकलं आणि गिटार खाली ठेवली. हा विनू नाय, म्हणाले. सतीश दुखावला. लॅपटॉपवरच्या दोन रेघा दाखवायला लागला, बघा, एकीवर एक बसल्यात. दादा म्हणाले, रेघा बरोबर असतील, पण हा विनू नाय. मला वाटलं झालं, संपलं, आता हा माणूस काही घराबाहेर पडत नाही.

वहिनी सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. त्यांना गाण्यातलं काही कळतं असं आम्ही कधी मानलं नव्हतं. त्या म्हणाल्या, पण इथे पेटीपण आपल्या घरासारखी नाय वाजली. सतीशने चमकून बघितलं. वहिनी म्हणाल्या, भावजी संध्याकाळचे बसायचे, पाणी यायच्या टायमाला. सगळं गाव मोटारी लावायचं, आपला बल्ब लाल व्हायचा. तसल्या लाइटवर केलीय ती.

किती साधी गोष्ट! भिंतीपलीकडे कारखान्यांना भरपूर वीज आणि अलीकडे कुंभवलीत व्होल्टेज मेलेलं. विनूने त्या मेलेल्या व्होल्टेजवर कान लावून पेटी जुळवली होती. म्हणून पाड्यावर ती गोड वाजायची आणि जनरेटरवाल्या बंगल्यात कडक. सतीशच्या फ्लॅटमध्ये तर स्टॅबिलायझर. आणि दादा जन्मभर घरोघरी चांगला लाइट शोधत फिरले.

सतीश भलताच खूश झाला, समजावून सांगायला लागला. दादांनी त्याचं बोलणं संपू दिलं. मग म्हणाले, "म्हणजे माणसं चांगली असण्याचा काय संबंध नाय." इतक्या हळू म्हणाले की सतीश बरोबर असल्याचा मला राग आला.

दुसऱ्यांदा सगळा पसारा कुंभवलीच्या ओटीवर मांडला. पाण्याची वेळ धरून. मोटारी लागल्या, पण बल्ब ढिम्म. गावात नवा ट्रान्सफॉर्मर बसला होता, आता संध्याकाळीही लाइट चांगला असायचा. सतीशने कपाळाला हात लावला. इतकी वर्षं गावाने अर्ज केले त्या व्होल्टेजसाठी, आणि ते आमच्या वेळेला येऊन बसलं.

वहिनींनी पदर खोचला आणि गल्लीत उतरल्या. घराघरात जाऊन काय सांगितलं देव जाणे. एकीने इस्त्री लावली, एकीने गिझर, कुणी मिक्सर रिकामाच फिरवला. गिरणीवाल्याने पुन्हा गिरणी सुरू केली. मागच्या चाळीत कारखान्यात कामाला आलेली परप्रांतातली मुलं भाड्याने राहतात, ती विजेच्या शेगड्या लावून दारात येऊन उभी राहिली. एक जण म्हणाला, "चाचा की पेटी के लिए ना? और भी लगा देंगे." आणि ओटीवरचा बल्ब हळूहळू पिवळा झाला, मग लाल झाला. पेटी घुमायला लागली, तिचा तो जुना, दाटल्या गळ्याचा सूर आला.

दादांनी नाकातली नळी काढली आणि मशीन बंद करायला सांगितलं. त्याची फुसफुस माइकमध्ये जात होती. सतीश म्हणाला, मी सुरूच करणार नाही. दादा म्हणाले, माझा दम मी बघीन, तू बटण दाब. वहिनींनी स्वतः जाऊन मशीन बंद केलं आणि दादांच्या पाठीमागे, खांद्याला हात लावून उभ्या राहिल्या. टिफिन आपले ते विचित्र आवाज काढत राहिला आणि आम्ही दादांची छाती बघत राहिलो. झाल्यावर नळी लावली, जरा थांबलो, आणि टिफिनमधून गिटार वाजवली.

दादांनी चारच सूर वाजवले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "हा. हा विनू." मग बाहेर दारात उभ्या असलेल्या गल्लीकडे बघून म्हणाले, "बघ सतीश. माणसांचाच संबंध निघाला."

मी रडले, अगदी हमसून रडले. सतीशने वायरी गुंडाळायचं निमित्त करून पाठ फिरवली.

त्यानंतर दादा एकच हळद वाजवू शकले. आता ते नाहीत. टिफिनवर नवा मुलगा वाजवतो, चांगला वाजवतो. बटण दाबलं की कुंभवलीची ती संध्याकाळ येते, गिरणी, इस्त्र्या, शेगड्या सगळं त्या आवाजात आहे, पण ते ऐकणाऱ्याला ठाऊक नसतं. पेटी वहिनींकडे ओटीवर आहे. त्या ती चालू करत नाहीत. शेवटची जोडी आहे, म्हणतात, जपून ठेवलीय. कशासाठी ते मी विचारलेलं नाही.

ती शेवटची हळद बेटेगावला होती. टेम्पोत पेटीची जागा रिकामी होती आणि तिथे कुणीच बसलं नाही. दादांना खुर्ची दिली. नाकात नळी, शेजारी छोटा सिलिंडर, पुढ्यात स्टुलावर टिफिन. आल्या आल्या त्यांनी नवरदेवाच्या बापाला विचारलंच, लाइट कसा हाय तुमचा? बाप म्हणाला, एकदम फर्स्टक्लास. दादा माझ्याकडे बघून मिश्कील हसले.

सतीशने टिफिन चालू केला. तो लगेच तयार, थांबायचं कामच नाही. पण दादांचा उजवा तळवा उचलला गेला आणि स्टुलावरच्या टिफिनवर टेकला. डोळे मिटले. ढोलकीवाल्याने ढोलकीवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मांडवातून आवाज यायला लागले, अरे चालू करा, किती वेळ. हळदीचं ताट घेतलेली नवरदेवाची बहीण आमच्याकडे बघत उभी राहिली. दादा तसेच होते. मला वाटलं त्यांना काही होतंय. मी जवळ गेले तेव्हा ते डोळे न उघडता म्हणाले, "गार हाय गं."

तळवा काही उचलला जात नव्हता आणि टिफिन काही तापणार नव्हता.

मागून, कीबोर्डवरून, सतीश हळूच म्हणाला, "मार."

दादांनी डोळे उघडले. मागे वळून बघितलं नाही. तळवा उचलला, गिटार मांडीवर घेतली आणि पहिली तार छेडली.